ताईच्या मापाची सायकल

सायकलच्या दुकानात पुढे मालक बसायचा आणि मागच्या खोलीत मिलिमीटर. त्याला खरं नाव होतं, पण ते मतदार यादीत तेवढं उरलं होतं. हे टोपणनाव मालकानेच पाडलं. एका गिऱ्हाइकाची सीट चार मिलिमीटर खाली राहिली म्हणून हा भर दुपारी त्याच्या मागे चौकापर्यंत धावत गेला, त्याला रस्त्यातच उतरवलं आणि सीट वर करून मगच परतला. गिऱ्हाईक म्हणालं, मला तर काही कळलंच नव्हतं. "तुम्हाला नाही, तुमच्या गुडघ्याला कळलं असतं," हा म्हणाला, "सहा महिन्यांनी."

मागच्या खोलीत एकच खिडकी, आणि तिच्यासमोर छताला टांगलेली चाकं, त्यामुळे दिवसाही तिथे दिवा लागायचा. रबराचा आणि तेलाचा वास अंगात मुरेल इतका. एका भिंतीवर पांढरा पट्टा रंगवलेला, त्यावर पेन्सिलीच्या शेकडो रेघा. सायकल बांधून घ्यायला आलेला माणूस कितीही मोठा असो, त्याला चपला काढून या भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. मग पायांच्या मध्ये एक जाडजूड जुना शब्दकोश आडवा धरून अगदी वर दाबायचा, जिथे टेकेल तिथे रेघ. ती पायांची लांबी. मग स्टुलावर बसवायचं, डोक्यावर तोच शब्दकोश, पुन्हा रेघ. ती धडाची. मग हात. तीन आकडे सायकलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तारखेसकट लिहून पुठ्ठा खिळ्याला. तो शब्दकोश शब्द बघायला आजवर कुणी उघडला नव्हता.

आणि मापं दोनदा. एकदा फ्रेम ठरवताना आणि एकदा पुढच्या फोर्कची नळी कापायच्या आधी. कापलेली नळी काही परत वाढत नाही, म्हणून हा नियम.

अलीकडे लोकांना ग्रॅव्हल सायकलींचं वेड लागलं होतं. डांबरावर पळणारी आणि खडी-मातीवरही न डगमगणारी, जाड टायरांची, खाली वळलेल्या हँडलची सायकल. लोक फोनवर चित्र घेऊन यायचे, हीच चाकं पाहिजेत, हाच गिअर पाहिजे म्हणायचे. मिलिमीटर चित्राकडे ढुंकूनही बघत नसे. "आधी माणूस, मग फ्रेम, मग चाकं," तो म्हणायचा. "बाकी सगळे दागिने. चपला काढा." मापाच्या बाबतीत तो नाकावर माशी बसू देत नसे, आणि खरं सांगायचं तर पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

त्याची ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. लसी टोचणारी नर्स होती. छत्तीस वर्षं वस्त्या-वस्त्यांवर सायकलने फिरली. अंगाने लहानखुरी, उंची जेमतेम पाच फूट, आणि आयुष्यभर जी सायकल वाट्याला आली ती पुरुषाच्या मापाची. पहिली वडिलांची. दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारत ती शिकली आणि मिलिमीटरला मागे कॅरियरवर बसवून शाळेत न्यायची. मग खात्याची सायकल, सगळ्यांना एकाच मापाची. मग नवऱ्याची, तो गेल्यावर तीच राहिली. थांबायचं म्हटलं की ताईला सायकल एका बाजूला कलंडवून उडी मारावी लागे. गुडघ्यांवर जुने व्रण होते, आणि लस टोचताना रडणाऱ्या पोरांना ती ते दाखवायची.

निवृत्तीच्या दिवशी ती सरळ दुकानात आली. हातात निरोपाचा पुष्पगुच्छ तसाच.

"आता मला एक सायकल कर. माझ्या मापाची."

"करू की गं ताई."

"करू की नाही. कर. कालव्याच्या कच्च्या रस्त्याने धरणापर्यंत जायचंय मला. तू तुझ्या सायकलवर, मी माझ्या. लहानपणी तुला मागे बसवून नेलं होतं ना, तर अर्ध्यातच माझा जीव निघाला. आता तुला ओढणार नाही मी."

मिलिमीटर हसला आणि हो म्हणाला. त्या हो म्हणण्यावर दीड वर्ष गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. ज्यांची नावंही त्याला आठवत नसत त्यांच्या सायकली झाल्या. ताईचं काय, ती घरचीच, ती थांबेल. ती थांबलीही. मालकानेच एक दिवस टोमणा मारला, "अरे, गावाची मापं घेतलीस, बहिणीचं कधी घेणार?" तेव्हा कुठे ताई त्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

पाय बहात्तर पॉइंट चार सेंटीमीटर. धड ऐंशी पॉइंट दोन. मिलिमीटरने आकडे लिहिले आणि पुठ्ठ्याकडे बघत बसला. इतकी वर्षं ही बाई केवढ्या सायकलवर बसत होती, हे आकड्यात दिसल्यावर त्याला पहिल्यांदा वाईट वाटलं. आकड्यात दिसल्याशिवाय त्याला फारसं काही वाटत नसे, हाही त्याचा एक दोषच.

मग सुरू झाला घोळ. मालकाकडे पन्नास नंबरची फ्रेम पडून होती. "हीच लाव. हँडलला फ्रेमशी जोडणारं स्टेम आखूड टाकलं की झालं."

"आयुष्यभर तिने हेच केलंय, मालक. दुसऱ्याचे कपडे दुमडून घातलेत. मला शेहेचाळीसची पाहिजे."

शेहेचाळीसची आली, निळी. आता चाकं. नेहमीची मोठी चाकं एवढ्या छोट्या फ्रेमला लावली तर वळताना पायाचा अंगठा पुढच्या टायरला घासतो; खडीवर घासला की माणूस तोंडावर. म्हणून एक माप लहान चाकं, पण त्यावर सत्तेचाळीस मिलिमीटर रुंद टायर, आत हवा कमी, म्हणजे खडीचा दणका टायर खाईल, मनगटं खाणार नाहीत. पायडलची दांडी, म्हणजे क्रँक, एकशे पासष्ट मिलिमीटरची, आखूड पायांना आखूड. हँडल अडतीस सेंटीमीटर, तिच्या खांद्यांइतकंच. पुढे एकच चेनव्हील आणि मागे अकरा चकत्या, त्यातली सर्वांत मोठी जेवणाच्या ताटलीएवढी, कारण धरणाआधीचा चढ ताई उतरून चढणार नाही हे त्याला माहीत होतं.

"हे सायकल बांधणं आहे की लग्न जमवणं?" ताई फोनवर विचारायची. "पत्रिका जुळली का चाकांची?"

गाडं अडलं ते चाकांपाशीच. तयार चाकं होती, पण बत्तीस स्पोकची, धडधाकट माणसाची. ताईच्या वजनाला अठ्ठावीस पुरेत. तशी रिम मागवली. ती आली तर भोकं चुकलेली. परत पाठवली. दुसरीची वाट बघण्यात आठवडे गेले. दुसऱ्या कुणी बत्तीसची लावून दिली असती आणि ताई महिनाभरात धरणावर जाऊन आली असती. पण हा मिलिमीटर.

"अरे, पाठ फार धरते रे हल्ली," ताई एकदा म्हणाली.

"त्या जुन्या सायकलीने धरते. वाकून वाकून. नवी होऊ दे."

मापानंतर अकरा आठवड्यांनी चाकं बांधून झाली. मिलिमीटरने दोन दिवस बसून त्यांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला. फिरवली तर केसभर हलत नव्हती. मग नियमाप्रमाणे दुसरं माप घ्यायला ताईला बोलावलं.

भिंतीशी उभी राहताना ती जरा कण्हली. पाय बहात्तर पॉइंट चार. बरोबर. स्टुलावर बसवलं, डोक्यावर शब्दकोश ठेवला, रेघ मारली आणि टेप लावला. सत्त्याहत्तर पॉइंट एक.

"ताठ बस ना गं."

"ताठच बसलेय."

त्याने पुन्हा मोजलं. टेप बदलला. स्टुलाच्या पायांची रबरं तपासली. पुन्हा मोजलं. सत्त्याहत्तर पॉइंट एक. तीन सेंटीमीटरहून जास्त फरक! मिलिमीटरची कानशिलं तापली. याचा अर्थ पहिलं माप चुकलं होतं. तीस वर्षांत न चुकलेला माणूस सख्ख्या बहिणीच्या मापात चुकला, तेही तीन सेंटीमीटरने! मालकाला कळलं तर पंचक्रोशीत बोभाटा झाला असता. त्याने नवा पुठ्ठा लिहिला, जुन्याच्या पुढे टांगला आणि ताकास तूर लागू दिली नाही.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"काही नाही. स्टेम बदलतो."

ऐंशीचं स्टेम काढून साठचं घातलं, म्हणजे हँडल दोन सेंटीमीटर जवळ आलं. खाली चार वायसर टाकून ते वरही उचललं. जाताना ताई म्हणाली, "रात्री कूस बदलता येत नाही रे." दुसऱ्या दिवशी हा तिच्या घरी गेला आणि जुन्या सायकलची सीट काढून रुंद, मऊ सीट बसवून आला. तोवर हीच वापर, म्हणाला. स्वतःवर खूश होता.

ताई स्वतः नर्स. तिला कळू नये? पण दुसऱ्यांच्या दुखण्यात हयात घालवलेली माणसं स्वतःच्या दुखण्याला थकवा म्हणतात. वय झालं, म्हणाली, आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन बसली. मग पेंट एकदा उतरवून फ्रेम तपासण्यात, मग ब्रेकच्या वायरी फ्रेमच्या आतून न्यायच्या की बाहेरून यात आणखी दोन महिने गेले.

एका सकाळी ताईने न्हाणीघरात अर्धी बादली उचलली आणि ती ओरडून खाली बसली. परत उठता आलं नाही.

हॉस्पिटलात भाची आणि मिलिमीटर भिंतीला टेकून उभे होते. डॉक्टरीणबाई तरुण, पण शब्द मोजून बोलणाऱ्या. "मणके दबलेत. दोन. एवढ्याशा बादलीने असं होत नाही. आजार हाडाच्या आतून, रक्तातून आलाय असं वाटतं, तपासण्या येऊ देत. यांची उंची कमी झालीये का हो? कधीपासून?"

"लक्षातच नाही आलं," भाची रडत म्हणाली. "रोज बघतो ना आपण माणसाला."

मिलिमीटर तिथून निघाला तो तडक दुकानात. खिळ्यावरचे दोन्ही पुठ्ठे काढून त्याने खिडकीशी शेजारी-शेजारी धरले. पाय तेवढेच. हात तेवढेच. टेप चुकला असता, स्टूल हललं असतं, तर एकच आकडा कसा बदलला असता? कालच्या शिकाऊलाही कळावं असं हे. पहिलं माप बरोबर होतं आणि दुसरंही बरोबर होतं. अकरा आठवड्यांत ताई तीन सेंटीमीटर खचली होती, आणि साऱ्या जगात हे एका माणसाच्या हाताने, तारखेसकट, लिहिलेलं होतं. ज्याला आपल्या चुकीची एवढी लाज असते, त्याच्याच हातून अशी चूक होते. झाकायच्या घाईत त्याने ती उघडून पाहिलीच नाही.

तो स्टुलावर बसला. मालक आत आला, त्याच्या तोंडाकडे बघून तसाच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही पुठ्ठे डॉक्टरीणबाईंपुढे ठेवले. त्यांनी बराच वेळ पाहिले.

"कुणी घेतली ही मापं?"

"मी."

"तुम्ही कोण? फिजिओ?"

"सायकली बांधतो."

"आणि हा फरक दिसल्यावर काय केलंत?"

"स्टेम बदललं," तो म्हणाला, आणि हे त्याने मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. स्टेम म्हणजे काय हे त्यांनी विचारलं नाही.

"तेव्हा आणलं असतंत तर मणके वाचले असते. निदान दुसरा तरी." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

हे ताईला सांगायलाच हवं असं नव्हतं. डॉक्टरीणबाई सांगणार नव्हत्या, भाचीला काही ठाऊक नव्हतं. तीन दिवस तो पलंगाशेजारी बसून पाण्याची बाटली भरत राहिला. चौथ्या दिवशी राहवलं नाही. ताई पाठीवर, पट्ट्यात आवळलेली, छताकडे बघत होती. त्याने सगळं सांगितलं. दोन्ही आकडे, दोन्ही तारखा, शरम वाटली तीही.

ताईने छतावरची नजर त्याच्याकडे वळवली.

"मी सांगत होते ना रे तुला," ती म्हणाली. "पाठ धरते म्हणून सांगितलं. कूस बदलता येत नाही म्हणून सांगितलं. तू सीट बदललीस."

"ताई..."

"आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. एवढी इंजेक्शनं दिली मी आयुष्यात, आणि माझ्या पाळीला हे." तिला हसू आल्यासारखं झालं, पण पाठीतून कळ आली आणि तोंड वाकडं झालं. "जा तू आता. मला तुझं तोंड बघायचं नाही."

तिला भिंतीकडे वळताही येत नव्हतं. तिने डोळे मिटून घेतले. मिलिमीटर बाहेर बाकड्यावर जाऊन बसला आणि दोन आठवडे तो रोज तिथेच येऊन बसत असे. भाची म्हणायची, मामा, आत या ना. तो म्हणायचा, हवा बरी आहे इथे. तिथे हवा नव्हतीच. फिनेलचा वास होता.

दुकानात तो एकाच कामाला हात लावत असे. निळी सायकल बांधून पूर्ण झाली होती, तरी त्याने तिचं हँडल पुन्हा उतरवलं. साठचं स्टेम काढून ऐंशीचं लावलं. खालचे चार वायसर काढून वर घातले. म्हणजे सायकल पुन्हा पहिल्या मापावर आली, ताई ताठ बसत होती त्या मापावर. मालकाने विचारलं, "हे कशाला?" औषध सुरू झालंय, मिलिमीटर म्हणाला. दुसरं माप खोटं पाडावं, एवढंच बहुधा त्याच्या मनात होतं. मोजणारा माणूस आणि असला वेडेपणा, पण दुःखात कुणाचा हिशेब सरळ राहतो?

ताई घरी आली. पट्टा कायमचा, हातात काठी. चालायचं, पण वाकायचं नाही, उचलायचं नाही, दणका बसू द्यायचा नाही. सायकल? डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली होती. औषधाने आजार रोखून धरता येईल, किती काळ ते सांगता येत नाही. खचलेले मणके मात्र खचलेलेच राहणार. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला, "मामा, आई विचारतेय, झाली का म्हणून."

तो सायकल ढकलत घेऊन गेला. तिच्यावर बसला नाही. तशीही ती त्याला लहान होती. ताई खुर्चीत, खिडकीपाशी होती. तिचा चेहरा उतरला होता. खोलीच्या मधोमध त्याने सायकल उभी धरली, आणि ताई एकेक भाग बघत, बोट दाखवून विचारत गेली. हे काय? ते काय? त्याने गिऱ्हाइकाला सांगावं तसं सगळं सांगितलं: चाकं लहान का, टायर रुंद का, क्रँक आखूड का. आवाज कापू नये म्हणून आकडेच जास्त सांगितले.

"छान झालीये," ती म्हणाली. मग काठीवर भार देऊन उठली. भाची धावली, पण ताईने तिला थांबवलं आणि मिलिमीटरच्या खांद्याला धरलं. "बसत नाही रे. नुसती जवळ उभी राहते."

ती सायकलच्या बाजूला उभी राहिली, एक हात सीटवर. दुसरा हात तिने हँडलकडे नेला. बोटं हवेतच राहिली, हँडलच्या अलीकडे, चांगली चार बोटं. वाकायची मनाई होती, म्हणून ती तशीच थांबली.

"कोणत्या मापाची केलीस? पहिल्या की दुसऱ्या?"

"पहिल्या."

"म्हणजे हीसुद्धा मला मोठीच."

मिलिमीटरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने एका हाताने सायकल धरून दुसऱ्याने खिशातून अॅलन की, बोल्टाची षटकोनी किल्ली, काढली. "चारच बोल्ट आहेत ताई, आत्ता करतो, दोन मिनिटं लागत नाहीत," तो म्हणत होता, आणि किल्ली बोल्टात बसत नव्हती.

ताईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "मोठ्या सायकलीची सवय आहे मला."